पहिली ओळ

दादास सिनोपेच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
पत्र त्याच्या कमरेला बांधलेलं होतं, अंगरख्याच्या आत,
आणि अंगरखा चिंब.
तीन दिवस समुद्र झोपू देईना, म्हणाला.
गुंडाळीचं वरचं वेटोळं खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं.
पाठवणाऱ्याचं नाव तिथंच असतं.

रात्री आम्ही खारवणाच्या वखारीत जमलो,
कुप्यांच्या हौदांवर फळ्या टाकून.
दिवा एकच. अक्षरं शाबूत होती तिथून
हेर्मोख्रेस वाचू लागला, वाक्याच्या मधूनच:
'...विखुरलेल्यांनो, तुमच्याविषयी ऐकून आहे मी.'

मी फळीच्या टोकाशी, हात मिठानं चिरलेले.
मालकीण मला 'ए' म्हणते, मुकादम नुसती शीळ घालतो.
जन्मात पहिल्यांदा कुणी 'तुम्ही' म्हणालं.
अनेकवचन होतं, कळत होतं मला,
तरी त्यातला माझा वाटा मी उचलला.

मग वाद, पहाटेपर्यंत.
ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिलं त्यांच्यापैकीच कुणीतरी,
म्हातारी मेनोफिला हटून बसली.
छे, ही भाषा छडी खाऊन शिकलेल्याची, हेर्मोख्रेस म्हणाला.
दादासला विचारलं, तर म्हणे
मला वाटेत एकानं दिलं, त्याला दुसऱ्या कुणी.
माणूस बरा होता. भाकरी दिली.

मला एवढंच ठाऊक:
एका जागी तो मिठाविषयी लिहितो,
जणू मीठ म्हणजे काही गोड गोष्ट.
मला हसू आलं.
याचा हात कधी हौदात गेलेला नाही.
आणि त्याच्या पुढच्याच ओळीत,
'इथं थंडी फार, लिहिणाऱ्याची बोटं वाकत नाहीत,
म्हणून थांबतो.'
तेव्हा मात्र मी माझी बोटं काखेत घातली.

वसंतात पपास नक्कल करायला बसला,
अमास्त्रिसच्या मंडळींसाठी.
वर कुणाचं नाव घालू?
मोठं घाल, कुणीतरी म्हणालं,
लहान माणसाचं कोण ऐकून घेतं?
दिवा माझ्या हातात होता.
मला कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कशाला.
पपासनं टाक बुडवला
आणि माझा हात हलला.
तेल सांडलं, नेमकं पहिल्या ओळीच्या जागी.

तेलावर शाई धरत नाही.
मुकादम असता तर शीळ घातली असती.
मुद्दाम केलंस का, मेनोफिलानं नंतर विचारलं.
मी फळ्या उचलत होते,
खालचे मासे तसेच उघड्या डोळ्यांनी पडलेले.