माप

गाय स्टॅम्परांची होती, शिंग तिचं डावं.
उजवं कुत्र्यानं पळवलं, ओढ्यापलीकडे कुठंतरी पुरलं असेल.
शिंग उकळलं तेव्हा घरभर असा वास सुटला
की वर्नानं माझी ताटली पायरीवर आणून ठेवली
आणि दाराला आतून कडी घातली.

मग फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडत बसलो.
शिंग इतकं पातळ व्हायला हवं
की उन्हापुढे धरल्यावर आतली बारूद दिसावी,
मधात काळे तीळ पडल्यासारखी.
बुडाला पाइनची चकती, कडेनं मेण,
तोंडाला बुच म्हणून डेलबर्टमामाच्या फिडलची खुंटी.
फिडल गेलं, मामा गेला,
खुंटी अजून पिळली की कुरकुरते
सूर लावायला बसल्यासारखी.

ठासणीची बंदूक एकटी येत नाही कधी,
मागे सगळं लटांबर असतं.
गज हिकरीचा, करवतीनं कापलेला नव्हे, फाडलेला,
लाकडाच्या शिरेनं गेलेला तेवढाच वाकतो, मोडत नाही.
बंदुकीचा कान कोरायला बॅंजोची तार.
चिंध्या वर्नाच्या जुन्या उशीच्या,
निळी फुलं अजून आहेत त्यांच्यावर.
दुकानात हे सगळं पितळेचं मिळतं, डबीत घालून.
मिळू दे.

बापाचं माप मात्र मी केलेलं नाही.
हरणाच्या शिंगाचं टोक, करंगळीएवढं, आतून पोखरलेलं,
बाहेर माझ्या नावाचं पहिलं अक्षर, तिरपं.
त्या जुलैत ओढा घरात शिरला,
सगळं सामान दोन दिवस गाळात होतं,
मापाला उभी चीर गेली.

काल दुरुस्तीला घेतलं.
तारेनं गाळ टोकरत होतो, बुडाशी काहीतरी मऊ लागलं.
मेण.
बोटाच्या पेराएवढा गड्डा अलगद बाहेर आला,
आणि त्याच्याखाली माप अजून खोल होतं.

मका दळलेला आणला, भरून पाहिला.
मेणासकट, मेणाशिवाय.
पुन्हा एकदा.
मेणासकट निम्म्याहून थोडंसंच वर.

अकरा वर्षांचा होतो, बंदूक माझ्याहून उंच.
सगळी पोरं म्हणायची, खेचरासारखी लाथ मारते,
मी म्हणायचो, मला नाही मारत.
शाळेत खांदा उघडा करून दाखवायचो,
एक निळा डाग नाही बघा!
वर्गातल्या ओमा हेन्सलीनं हातही लावून पाहिला होता.

एकोणीस पुरे झाले तरी तेच माप गळ्यात.
थॅंक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, धुक्यात,
आठ टोकांचा नर, जरा लांबवर.
नेम मी चुकवला नव्हता, आजही शपथेवर सांगेन.
गोळी त्याच्या पायाशी पाचोळ्यात रुतली.
नर मान वळवून बघत राहिला
आणि मग चालत गेला. धावलाही नाही.
बाप म्हणाला, वारा होता.
वारा नव्हता.
घरी पोचेपर्यंत त्यानं टोपी काढली नाही, तोंड उघडलं नाही.

पुढं कोळशानं त्याची छाती भरत गेली.
शेवटी शेवटी पाणी मागायलाही दोन दम लागायचे,
हे सांगायला किती लागले असते कोण जाणे.
की विसरलाच होता?
की मी अजून अकराचाच दिसत होतो त्याला,
मिशा फुटल्यावरसुद्धा?

शनिवारी नात येतेय, जुनी.
दहाची आहे, हाडं पाखराची,
फोनवर म्हणाली, आजोबा, मला अर्धंमुर्धं नको हं,
तुझ्याएवढंच माप हवं.
माझ्याएवढंच देणार आहे.

चीर मेणदोऱ्यानं आवळली, वर राळ लावली.
मग स्टोव्हवर वाटी ठेवली.
मेण ओतलं, त्यानं ओतलं होतं त्याहून किंचित कमी,
थंड होईतो हातात सरळ धरून बसलो.
वर्ना दारात आली, झालं का म्हणाली.
म्हटलं, हो, चीर होती. बुजवली.