आफ्टर

बर्डीवर, मोबाइलच्या दुकानावर,
खसच्या वासात इंग्रजीचा वर्ग.
फळ्यावर एकच लुक.
ॲट आला की टक लागते,
फॉर आला की काहीतरी हरवलेलं असतं,
थ्रू आला
की समोरचा माणूस काचेचा होतो.

सुमित्रा कोहाड, मेडिकलमधली आया,
आफ्टरपाशी अडली.
“काहून जी सर, नंतर पाहणं म्हणजे सांभाळणं?”
सर डस्टर शोधत राहिले.
तीच म्हणाली, “असन बाप्पा.
डॉक्टर पाहून जाते, पावणे पाहून जाते,
नंतर रातभर पाहाले मीच असतो.”

वही मिटताना पुन्हा:
“अन् वाट पाहणं?”
“वेट.”
“मंग त्याच्यातलं पाहणं कुठं गेलं?”

सरांनी कुलरकडे पाहिलं.
पाणी संपलं होतं.