पाथरवटाचा हिशेब

होमोरोडच्या काठी माझं दुकान.
पिरोश्का आली, चिखलाचे बूट दारात काढून.
लझारच्या बाजूला त्याचं लिही, म्हणाली,
बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा.
तीन बोटं जुळवून क्रुसाची खूण करायचा,
त्याच चिमटीनं रश्शात मीठ.
माझ्या बाजूला: देव एक आहे.
आमच्या चर्चच्या भिंतीवर तेवढंच आहे.

दोन दगड?
एक. खाट एकच होती.

मग मधे रेघ ओढू?
बराच वेळ ती छिन्नीकडे बघत राहिली.
भांडलो ते नाताळातच,
बाकीचं वर्ष गाईंचं असायचं.

रेघ राहिली.
अक्षरं मोजली, त्याची जास्त भरली.
हेच तर सांगत होते त्याला,
ती पुटपुटली,
आणि नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.