रंगीत तालीम

टीव्ही म्हणतो, आजार अजून खाडीपलीकडे आहे.
अभ्युदयनगरात आमची खोली दहा बाय अठरा.
त्यात आम्ही चौघं, फ्रीज, शिलाई मशीन
आणि सासऱ्यांचं शिसवी कपाट,
जे कुणाच्या बापाला हलत नाही.

पत्रक आलंय वॉर्ड ऑफिसचं:
रुग्णास स्वतंत्र, हवेशीर खोलीत ठेवावे.
विश्रामनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं
आणि चहूकडे नजर फिरवली,
जणू एखादी खोली आपणच कुठंतरी
ठेवून विसरलोय.

सामान भरून झालं.
वीस किलो तांदूळ, तूरडाळ, गोडंतेल,
तापाच्या गोळ्या, थर्मामीटर
(मेडिकलवाल्या गडांनी चाळीस रुपये जास्तीचे लावले),
जुन्या पंचाचे शिवलेले नऊ मास्क.
सुकट बरणीत, झाकणावर प्लास्टिक, त्यावर रबर,
तरी वास येतो तो येतोच.
दुसरी चावी फिलोमिनाकडे.
विम्याचे कागद कुठल्या डब्यात आहेत
ते पोरांना दाखवलं.
डब्यावर अजून बिस्किटांचं चित्र आहे.

रात्री दिवा मालवल्यावर सुचलं:
आणि आडवी मीच पडले तर?
या भरल्या डब्यांचं पुढं काय करायचं
हे घरात कुणाला येतं?

म्हणून रविवारी तालीम.
गॅलरीच्या बाजूला दोरी, दोरीवर चादर,
चादरीपलीकडे मी. आजारी.
अट एकच,
मला हाक मारायची नाही.

दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं.
डबा उघडला. रवा. बंद.
डबा उघडला. पोहे. बंद.
"पप्पा, तांदूळ निळ्या झाकणाचा," रेवा म्हणाली.
निळी झाकणं तीन आहेत.
मग पाणी. मग लायटरची टकटक,
सात वेळा, बटण न फिरवता.

"मम्मी, हिंग किती?"
"मम्मीला विचारायचं नाही," विश्राम म्हणाला.
त्यानंतर बराच वेळ
कुणी काही बोललं नाही.
नळ तेवढा चालू होता.

एक शिट्टी. दोन. कुजबुज.
तीन.
चार.
पाचवीला माझे पाय आपसूक फरशीला लागले.
मी ते उचलून परत गादीवर ठेवले,
शेजारणीचं पोर परत नेऊन ठेवावं तसे.

ताट आलं झाडूच्या दांड्यानं सरकत.
भात खाली लागलेला. आमटीत मीठ
तिघांनीही घातलेलं, एकेकदा.
मी बोटं चाटून जेवले.

मग दुपार.
ग्रिलवर कबुतरं, खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
दोन बाळंतपणं सोडली तर अठरा वर्षांत
दिवसाउजेडी मी अशी पडले नव्हते.
छताला कोपऱ्यात ओल धरलीय,
हे मला ठाऊकच नव्हतं.

पलीकडे निहार कुणाची तरी नक्कल करत होता.
तिघं हसले, खूप हसले.
मी कान देऊन ऐकलं.
त्या हसण्यात कुठं
माझ्यापुरती फट राहिली होती का, ते पाहिलं.
नव्हती.
मला बरं वाटलं.
मग नाही वाटलं.
मग कूस बदलली.

दिवेलागणीला चादरीपाशी विश्रामची पावलं.
"उतरला का गं ताप?"
आता हसून बाहेर यायचं, असं ठरलेलं.
मी थर्मामीटर तोंडात धरला,
पुरती दोन मिनिटं. काढून पाहिला.
"थोडा आहे अजून," म्हणाले.

"बरं," म्हणाला तो.
कप खाली ठेवला, चादरीच्या कडेशी,
आणि पत्रकात लिहिल्याप्रमाणे
सहा फूट मागं जायला निघाला.
चौथ्याच फुटाला पाठ कपाटाला लागली.
तिथून मागं आमच्या घरात जागा नाही.

तो तिथंच उभा राहिला,
मी चहा पिईस्तोवर.