बारा आणि वरची

रिकामी असताना सगळ्याच होड्या शहाण्या दिसतात,
बाबा म्हणाले, आणि मला जेटीवर पालथं झोपवलं.
हातात शाळेतली पट्टी, कानामागे खडू,
खाली साळ नदी, बेतूलच्या मुखाशी,
भरती सरून ओहोटी लागण्याआधीची ती थोडी मिनिटं
जेव्हा पाणी कुठेच जात नाही.

होडी कायतानची. रंग नवा, इंजिन जुनं.
मागच्या फळीत धुराच्या नळीचं तोंड,
मुठीएवढं, अजून काजळी न धरलेलं.
तिथून पाण्यापर्यंत अकरा इंच.
मी ओरडले. बाबांनी विडीच्या कागदावर लिहिलं.

आधी डिझेल. मग नांगर, दोरखंड, बर्फाची पेटी.
साडेनऊ.
मग रेशनच्या दुकानातून उसनी आणलेली
उकड्या तांदळाची पोती.
दोन पोती आणि वर पाण्याचा एक कॅन
म्हणजे एक प्रवासी, असा हिशेब.
पुरसो प्रत्येक पोतं फळीवर नीट टेकवायचा, म्हणायचा,
"बस बाये, हांगा बस, दर्या पळय."
आठ.
सात, वर दोन रेघा.

नवव्या प्रवाशाला पोती संपली.
मग माणसं बोलावली:
जाळं सांधत बसलेले दोघे भाऊ,
सोडा प्यायला थांबलेला पोस्टमन,
आणि आपोलीन, मासळीच्या पाटीसकट.
वजन विचारलं तर म्हणाली पंचावन्न.
पट्टीवर मला जरा वेगळं दिसलं,
पण मी ते मोठ्याने वाचलं नाही.

साडेपाच.
कायतानने टाळी वाजवली.
कागदावर बारा, होडीत बारा,
गुरुवारी साहेब येईल, शिक्का मारेल,
नाताळाआधी पहिली फेरी.
बाबा विडी विझवत म्हणाले,
"डिसेंबरात बाराच चढतात काय रे?"

कायतान पाण्याकडे बघत राहिला.

मग वरची चढली.
मांडीवरचं पोर म्हणून वाळूची बादली,
बियरचे दोन क्रेट, भरलेले,
आयत्या वेळी आलेला मेहुणा म्हणून पुरसो स्वतः,
मेहुण्याची बायको म्हणून नांगराची जादा साखळी.
सव्वाचार.
"आता डॉल्फिन दिसला," बाबा ओरडले,
"मागे! सगळी मागे, फोटो काढायला!"
आणि ती सगळी खरंच धावली,
आपोलीन पाटी सावरत, पोस्टमन हसत,
कुणीतरी बोटसुद्धा दाखवलं,
आणि मी क्षणभर पट्टी सोडून तिकडे पाहिलं.

दोन इंच.

तेवढ्यात कुटबणहून एक ट्रॉलर निघाला.
लांबून गेला, हळू गेला, त्याचा काही दोष नाही.
त्याची लाट आमच्यापर्यंत येईतो म्हातारी झाली होती,
पण आली,
आणि नळीने एक घोट घेतला.
ग्लासात स्ट्रॉ संपताना होतो तसा आवाज.
माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.
वर कुणालाच ऐकू आला नाही.

मी सांगितलं.

बाबा होडीत उतरले नाहीत,
ते कुणाच्याच होडीत उतरत नाहीत, फक्त बांधतात.
खडू मागितला, जेटीवरूनच वाकून
जुन्या तोंडाच्या वर वीतभर
एक नवं वर्तुळ काढलं, जरा वाकडं.
"हांगा."
कायतान म्हणाला, रंग कालच दिलाय.
म्हणाला, नवा बेंड मडगावात साडेतीन हजार.
म्हणाला, माझा पाय कधी लाटेत घसरला नाही.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं
आणि करवत आणायला आत गेले.

माणसं उतरली, पोस्टमनला उशीर झाला होता.
पोती परत मोजली. एकाचा तळ भिजला होता,
दुकानदाराने ते घेतलं नाही.
आठवडाभर आम्ही तोच भात खाल्ला.
डिझेलचा वास येतो, मी म्हणायचे.
आई म्हणायची, तुझ्या हातांना येतो.