इतर, कृपया नमूद करा

सातवा प्रश्न मी वाचला तेव्हा
वाल्फ्रिड कांगास खिडकीबाहेर बघत होता.
सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठत आलेलं.

गेल्या आठवड्यात तुमच्या दृष्टीने
सर्वांत महत्त्वाचं काय होतं?
वेदना कमी होणं. झोप. घरच्यांचा सहवास.
व्यवहार मार्गी लागणं. मनःशांती.
इतर, कृपया नमूद करा.
'इतर'पुढे दीड ओळ जागा.
ती मी समितीशी भांडून मिळवलेली;
त्यांच्या मते एक पुरे होती.

सॉना, तो म्हणाला.
सॉना, मी लिहिलं.
पेन उचलणार, तर त्याचं चालूच होतं.

अंगणातल्या त्या खोलीत मी जन्मलो, मधल्या बाकावर.
आईला बारा मैलांवरचा डॉक्टर नको होता,
डॉक्टरलाही बारा मैल नको होते.
बापाला खाणीतून आणला तेव्हा
त्याच बाकावर आंघोळ घातली,
कानातली तांब्याची धूळ काही केल्या निघेना.
बायकोला मात्र इस्पितळानेच पुसून दिलं,
पाकिटातल्या ओल्या रुमालांनी.
लिंबाचा वास येत होता तिला.
हिल्याला लिंबू कधीच आवडलं नाही.

दारातून मार्लिस, त्याची मुलगी, हळूच म्हणाली,
त्यांच्या पाठीला पॅच आहे, दुखण्याचा.

मला माहीत होतं.
उष्णतेने औषध भसकन अंगात उतरतं,
श्वास मंदावतो.
हे मी शिकवते. परीक्षेत विचारते.

म्हणजे मरेन?
कदाचित.
तो हसला, खोकला, परत हसला.
डॉक्टर, तुमचा अभ्यास कशावर आहे म्हणालात?

मी त्याची डॉक्टर नव्हते. मी विचारणारी.
विचारणाऱ्याने मध्ये पडू नये
असं नियमावलीत मीच लिहिलंय, पान चारवर.
गाडीत बसून, हीटर लावून,
मी त्याच्या डॉक्टरला फोन केला.

गुरुवारी पॅच काढला.
मग दर चार तासांनी जिभेखाली थेंब.
रात्री दोनलाही डोरीन नर्स आली,
बर्फाचे बूट दाराशी, मोज्यांनीच आत.

शनिवारी भट्टीत निम्मीच लाकडं.
मधला बाक उंच, म्हणून खालच्यावर उशा.
हा कसला सॉना, तो कुरकुरला,
हे तर पाव भाजून झाल्यावरचं स्वयंपाकघर.
मार्लिसने पाण्याचा डाव धरला,
तिच्या हातावर त्याचा हात,
दगडांवर पाणी चर्र झालं.

त्या वाफेला त्यांच्या भाषेत शब्द आहे,
फार पूर्वी म्हणे त्याचा अर्थ प्राण होता.
मला उच्चार जमेना.
त्याने दोनदा घोकून घेतला, तिसऱ्यांदा नाद सोडला.

मी कोपऱ्यात, चष्मा धुरकटलेला,
त्याचे श्वास मोजत. चौदा. चौदा. तेरा.
मग मार्लिस त्याचे कान पुसायला लागली,
मऊ फडक्याने, आतून, मागून,
आणि माझी मोजणी कुठेतरी चुकली.

अकरा दिवसांनी तो गेला, दुपारी, पलंगावर.
मार्लिस तेव्हा बाहेर बर्फ उपसत होती.

आमच्या तक्त्यात तो एकेचाळिसावा.
सहाय्यकाने लिहिलं: पूरक उपचार, उष्णता, एकवार.
वेदना, आधी सहा. नंतर सहा.

मूळ फॉर्म माझ्याकडेच राहिलाय, वाफेने फुगलेला.
अक्षरं दीड ओळीतून समासात,
समासातून कागदाच्या पाठीवर गेलीत,
आणि लिंबू या शब्दाखाली
कुणीतरी, मीच असणार, दोन रेघा ओढल्यात.

परवा डोरीन भेटली, पेट्रोल भरताना.
पिशवीतले रुमाल बदललेत, म्हणाली.
बिनवासाचे आणते आता.