कळावे

टेस्कोच्या दारापाशी पिवळं स्टिकर लावून ठेवला होता.
दोन पौंड.
लेबलवर नाव भलतंच, पण पान उलटून पाहिलं
आणि ओळखला: अनंत.
पाच कांदे, दूध आणि हा,
असं सगळं बसने घरी आणलं.

स्विंडनचं पाणी जड.
किटलीच्या पोटात चुन्याचा थर बसतो,
चहावर साय येण्याआधी पापुद्रा येतो.
आम्ही पितो. त्याला चालेना.
महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
जणू कुणी नद्या काढून
मधली गावं भरायची विसरलं.

खालच्या मजल्यावरची ग्लेनिस प्रिचर्ड म्हणाली,
"नळाचं नको घालूस. माझं घे."
तिच्या शेडच्या पन्हळीखाली निळं पिंप,
त्यात शेवाळाच्या वासाचं पाणी.
मोबदला ठरला: दर रविवारी
तिच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची.
तिचा गुडघा आता स्टुलावर चढत नाही.

दोन हिवाळे असेच गेले.
पाणी कोमट करून घालायचे.
ताटलीत खडे, खड्यांत पाणी, त्यावर कुंडी,
म्हणजे हीटरच्या कोरड्या हवेत त्याला जरा ओल.
पिठ्या ढेकूण आला की कापसाचा बोळा आणि स्पिरिट,
एकेक बेचकं पुसून काढायचे,
रेवा लहान असताना तिचे कान पुसायचे तसं.
विद्याधर म्हणायचा, "इतकं तर माझंही बघत नाहीस."
"तू कळ्या धरतोस का?"

तिसऱ्या ऑक्टोबरात धरल्या. अकरा.
हिरव्या, दोन बोटांत धरून पीळ दिल्यासारख्या.
नियम एकच, ज्याला विचाराल तो सांगेल:
कळी धरली की अनंत हलवू नये.
वळवूसुद्धा नये.
मी कुंडीवर खडूने रेघ मारली,
खिडकीकडची बाजू कोणती ते चुकू नये म्हणून.

त्याच आठवड्यात घरमालकाचं पत्र.
फ्लॅट विकायचा आहे. दोन महिने.
कळावे.

डिसेंबरच्या सोळा तारखेला
व्हॅनमध्ये गाद्या, तवे, रेवाची सायकल,
पुढच्या सीटवर मी, आणि मांडीवर तो,
दुलईच्या खोळीत गुंडाळलेला.
अंतर दोन मैल.
प्रत्येक गतिरोधकावर विद्याधर म्हणायचा, "सॉरी."
मला नव्हे.

नव्या घरात खिडकी पश्चिमेची.
रेघ कुठे करायची?
पहिल्या रात्री दोन गळल्या. मग चार.
लाकडी फरशीवर कळी पडली की आवाज होतो.
होत नसेल असं मला वाटायचं.
बहीण फोनवर यातून काही अर्थ काढू लागली,
कोण कुठून उपटलं, कोण कुठे रुजलं वगैरे.
मी म्हटलं, सुमेधा, झाड आहे.
झाडापुरतं बोल.

नऊ.
दहा.

जानेवारीत ग्लेनिस आली, दोन बस बदलून,
दुधाच्या चार प्लास्टिक बाटल्यांत पिंपातलं पाणी घेऊन.
गळलेल्या कळ्या मी बशीत ठेवल्या होत्या,
का ते विचारलं नाही तिने.
"घड्याळ पावणेसातला थांबलंय," म्हणाली,
तक्रार नव्हे, बातमी.
मी कोट चढवला. तिच्यासोबतच निघाले.

अकरावी उमलली तेव्हा मी रात्रपाळीला होते.
सकाळी दारात बूट काढताना वास आला,
आधी वाटलं रेवाने काहीतरी सांडलं.
मग दिवा न लावताच उभी राहिले,
एका पायात बूट.

ग्लेनिस पाचलाच उठते. तिला फोन केला.
"किती?"
"एक."
"एक म्हणजे एकच," ती म्हणाली. "पाणी संपलं का?"
तिच्या मागे सातचे ठोके पडायला लागले.
माझ्या हातातल्या फोनवर
अजून सहा पंचावन्न.